दोन ओट्यांमधली वाट

९ जानेवारी २०१२

भाजलं! मांडीवर आमटी सांडली.

नीट लिहिते. चाकांच्या खुर्चीत बसले की ओटा छातीशी येतो. त्यावर शेगडी, म्हणजे पातेल्याचा काठ थेट नाकासमोर. सांडशीनं ओढायला गेले आणि कलंडलं. गेल्या वर्षी गंगापूर रस्त्यावर जीप उलटली, तेव्हापासून कमरेखाली काही कळत नाही. म्हणून भाजल्याचंही कळलं नाही! साडीतून वाफ निघताना दिसली, तेव्हा समजलं.

पातेलं आपटल्याचा आवाज ऐकून वरच्या मजल्यावरची नजमा धावत आली. "भाभी, आवाज तो देना था!" तांब्यावर तांब्या गार पाणी ओतत राहिली. मोठे फोड आलेत. डॉक्टर म्हणाले, भरून येईल, पण रोज बघत जा, तुम्हाला दुखणार नाही.

हे कंपनीतून आले. पट्ट्या बघितल्या. जेवले नाहीत.

११ जानेवारी

गावाहून, गंगापूरहून, आत्याबाईंचा फोन. माझ्या सासूबाई. यांनी आवाज मोठा करून ठेवला, म्हणजे मलाही ऐकू यावं.

"आप्पा, तिला इकडं आणून सोड. इथं लई माणसं हायेत. ताट जागेवर मिळंल तिला."

ताट जागेवर! तेच तर नको. ओसरीवर खाट, येणारा-जाणारा 'कसं हाय आता?' विचारणार, आणि मी कुणी उचलून उन्हात बसवतंय का याची वाट बघत पडणार. हे शनिवार-रविवार येऊन-जाऊन करणार म्हणे.

माझं घर इथं आहे. उस्मानपुऱ्यातलं, तळमजल्यावरचं, दोन खोल्यांचं. चार वाजता शिकवणीच्या मुली येतात.

म्हटलं, "मी जाणार नाही. तुम्ही ओटा बदला."

"बघू."

यांचं 'बघू' म्हणजे नाही. लग्नापासून ऐकतेय.

१५ जानेवारी, संक्रांत

नजमा तिळगूळ घ्यायला आली आणि खडू मागून जमिनीवर बसली!

आमचं स्वयंपाकघर बोळासारखं. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला मोरी. एका भिंतीला ओटा, समोरच्या भिंतीला फ्रिज, मांडणी, पाण्याचं पिंप – अशी दाटी की खुर्ची आत गेली तर उलटीच बाहेर काढावी लागते. मी सांगत गेले, ती आखत गेली. दोन्ही भिंतींना समोरासमोर ओटे, मधून माझी वाट. सामान तिनं ढकलून बाहेर नेलं. खुर्ची फिरवून बघितली – चाक रेषेवर. समोरचा ओटा अरुंद केला – पुन्हा रेषेवर. आणखी अरुंद. आता फिरली! पूर्ण फिरली, दाराकडे तोंड करून बाहेर आले. फ्रिज हॉलमध्येच राहू दे. कुणी हसलं तर हसू दे.

मग वाटलं, नुसतं फिरून काय होतंय. पट्ट्यांवर प्लास्टिक टाकून पातेलं भरून पाणी मांडीवर घेतलं आणि या ओट्याकडून त्या ओट्याकडे निघाले. निम्म्यात सांडलं. दोघी हसलो. नंतर माझं हसू थांबलं. हे पाणी उकळतं असतं तर?

तेव्हा ठरवलं – गरम काहीही ही वाट ओलांडणार नाही. शेगडी आणि बेसिन एकाच बाजूला, मध्ये मोकळी जागा. भात झाला की पातेलं उचलायचं नाही, ओट्यावरून सरकवायचं. समोर सगळं कोरडं – पिठाचे डबे, पोळपाट, मिक्सर, भाजी चिरणं. इतकं सोपं! वर्षभर कुणाला सुचलं नाही, मलासुद्धा.

१६ जानेवारी

यांनी खडूच्या रेषा बघितल्या. ओलांडून गेले.

२२ जानेवारी

निजामुद्दीन मिस्त्री आले. म्हणाले, "बाई, बेसिनचा पाइप समोरच्या, पिंपाकडच्या भिंतीत आहे. बेसिन तिकडंच ठेवू, काम हलकं होईल." मी मांडीवरच्या पट्ट्या दाखवल्या नाहीत, पण आमटीचं सांगितलं. मिस्त्रींनी पाइपावर बोटानं टकटक केली. "फिर तो पाइप ही फिराएंगे."

शेगडीचा ओटा ठेंगणा, खाली कपाट नाही, म्हणजे माझे गुडघे आत जातील. समोरचा अर्धा माझ्या उंचीचा, अर्धा नेहमीच्या उंचीचा.

"उंच कुणासाठी?" – हे.

"तुमच्यासाठी. कणीक मळायला."

मिस्त्री हसले. हे नाही हसले. मग सुरू झालं – भिंतीला ओल धरेल, धुळीनं तुला खोकला होईल, मी कामावर असताना मिस्त्री लोकांकडे कोण बघणार. एकेक अडचण शोधून आणत होते. मी एकेकीला उत्तर दिलं. शेवटी म्हणाले, "कर तुला हवं ते." आवाज रागाचा नव्हता. थकल्यासारखा होता. आत्याबाईंचा रोज फोन येतो यांना. आईला नाही म्हणणं यांना कधी जमलंच नाही.

२८ जानेवारी

यांना गुलमंडीच्या बाजारात पाठवलं होतं, दोन कानांची बसक्या बुडाची पातेली आणायला. पातेली आणली. सोबत एक नवी बॅगही आणली, चाकांची.

"ही कशाला?"

"असू दे. लागली तर."

आत्याबाईंनीच सांगितलं असणार. बॅग माळ्यावर टाकायला लावली.

२ फेब्रुवारी

जुना ओटा फोडला. धूळ! जेवण नजमाकडून.

१९ फेब्रुवारी

झालं.

पहिला चहा मी केला. गुडघे ओट्याखाली, शेगडी कोपराच्या खाली, उकळणारं आधण वरून दिसतं – वर्षभरानं दिसलं! गाळलं, कप सरकवत कडेला नेले. काही मांडीवर घेतलं नाही, काही सांडलं नाही. ओट्याच्या कडेलाच बसलेल्या यांच्यासमोर कप ठेवला. हे चहाकडे बघत बसले. "निवेल," म्हटलं. मग प्यायले.

दुपारी नुसतीच खुर्ची फिरवत बसले. जाते, वळते, येते. वेडीच!

२६ फेब्रुवारी

आत्याबाई आल्या, एसटीनं, एकट्या. मी मनात म्हटलं, न्यायलाच आल्या. या म्हणावं.

वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा – सगळं एकटीनं केलं. त्या दारात पाटावर बसून होत्या. भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली. फुगली! जन्मात इतकी नीट फुगली नसेल.

जेवताना दुसरी भाकरी मागून घेतली त्यांनी. "मीठ जरा कमी हाय," म्हणाल्या. बस्स. गंगापूरचं नावही काढलं नाही.

जिंकले मी! आज शांत झोप लागणार.

२७ फेब्रुवारी

हे आंघोळीला गेले होते. मी चहाचं आधण ठेवलं होतं. आत्याबाई माझ्या शेजारी आल्या, हळूच म्हणाल्या, "पोरी, माझ्यावर राग धरू नको. मला कुठं हौस व्हती तुला न्यायची? त्यानंच फोन करून सांगितलं – आई, तू म्हण. मी म्हणलो तर तिला लागंल."

हे बाहेर आले. मी सरळ विचारलं. आत्याबाई परसात निघून गेल्या.

"हो," म्हणाले. "कामावर फोन वाजला की वाटतं, तुझंच काहीतरी. रोज वाटतं. दिवसभर." मग म्हणाले, "त्या दिवशी जीप मी चालवत होतो."

"मला माहीत आहे कोण चालवत होतं. मी कधी काही म्हटलं?"

"नाही. म्हणूनच."

आणि माझ्या खुर्चीजवळ फरशीवर बसून रडायला लागले. जीप उलटल्यापासून पहिल्यांदा. चहा उतू चालला होता. मी हात लांब करून गॅस बंद केला आणि त्यांना रडू दिलं.