काथ्याने न सोललेलं मनगट

बाबा, तो मासा खरंच आहे. धाकटीने स्वतः पाहिला आणि परवा माहेरी आल्या आल्या चपला काढायच्या आधी मला सांगितलं. तुमच्या जावयांना मालवणच्या मिठाच्या जकात नाक्यावर नोकरी लागली आहे. ओहोटीला ती तिथल्या खडकांत गेली आणि साचलेल्या नितळ पाण्यात वाकून बसली. खाली झाडासारखे फांद्या फुटलेले दगड होते, त्यांच्या आडोशाला बोटांच्या झुपक्यासारखं हलणारं फूल, आणि त्या फुलात शेंदरी अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा. "भाऊ, मोठा मासा जवळ आला त हा त्याच्या अंगावर धावून जाते," ती म्हणाली. हेही तुम्ही सांगितलं होतं.

कापसाला सोन्याचा भाव आला होता ते दिवस. गाठी बांधायला दोर पुरेना, म्हणून अमरावतीच्या अडत्याने तुम्हाला काथ्या आणायला थेट मालवणला धाडलं. तुम्ही परत येता, दर्यापूरच्या ओसरीवर बसता, मासा सांगता. मामा सुपारी कातरता कातरता थांबतात. "काहून जी जवाईबुवा, मासा फुलात राहते? मंग भवरा पाण्यात राहत असन." सगळे हसतात. ते फूल चावतं, पण माशाला काही करत नाही, असं म्हणून तुम्ही मनगटावरचे लाल वळ दाखवता. मामा म्हणतात, "काथ्यानं सोललं असन."

ओसरीवर हसले ते हसले, पण बाजारातही ते पोचलं. तोवर तुम्ही रुई चिमटीत ओढून प्रत सांगितली की सौदा व्हायचा. नंतर अडत्या सगळ्यांसमोर म्हणू लागला, "बोंडातलं सांगा बाप्पा, पाण्यातलं नोका सांगू." तुम्ही एकदाच म्हणालात, "म्या पाह्यलं ते सांगतलं." मग माशाचं नाव काढलं नाही आणि हळूहळू बाजारात जाणंही सोडलंत.

धाकटीनेही त्या फुलाला हात लावला. तिच्या मनगटावर तसेच वळ आहेत, अजून उतरले नाहीत. काल दिव्याजवळ ते पाहिले आणि कित्येक वर्षांनी मला गाढ झोप लागली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं सांगून टाकतो. रविवारी मामा जेवायला येणार आहेत. वय झालं, पण नजर शाबूत आहे. ताटावर आलेला हात ते पाहतील आणि काय झालं म्हणून विचारतील. घरात वाढणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. भाकरी तूच वाढ, असं धाकटीला मीच सांगून ठेवलं आहे.