रिकाम्या बोटीला हाक

१० नोव्हेंबर, विसरवाडी

आलो एकदाचे. मिलमधून वेळेआधी निवृत्ती घेतली की सुरतेतली माणसं शेअरबाजारात हात पोळून घेतात. मी जुनी मोटरबोट घ्यायला निघालोय. लिडिया म्हणते, पन्नाशीनंतर नवऱ्याला एकदा वेड लागतंच, तुमचं निदान तरंगणारं तरी आहे. हायवेलगत दोन खोल्या भाड्यानं मिळाल्यात. ट्रकांचा आवाज फार, पण मागच्या खिडकीतून डोंगर दिसतात आणि लिडियाला घर आवडलंय, म्हणजे विषय संपला.

बेत साधा आहे. उकाई धरणाच्या फुगवट्यावर शहरातले लोक हौसेनं येतात. त्यांना पाण्यावर फिरवायचं, लिडियाच्या हातची मासळी-भाकर खाऊ घालायची. वेळही काय साधलीय! पलीकडच्या गावांसाठी पूल झाला आणि इकडच्या सगळ्या बोटी बसून राहिल्या. प्रत्येकाला विकायचीय, घेणारा मी एकटा. जन्मभर साहेबांपुढे मान हलवली, आता लोक माझ्या मानेकडे बघतायत. मजा येतेय.

१२ नोव्हेंबर

पहिली बोट पाहिली. मालक नवलसिंग, साठीचा, हयात याच पाण्यावर गेलेली. बोट झकास आहे: पांढरी, छपराची, पुढं छोटी केबिन, मागं आडवं लाकडी बाकडं. कुणा हॉटेलवाल्यानं हौसेनं आणलेली, त्याच्याकडून यानं घेतली. मी तळ ठोकून पाहिला, डिझेलची नळी चाचपली आणि तोंड होईल तितकं वाकडं ठेवलं. सौद्यात पसंती चेहऱ्यावर दिसता कामा नये.

चाचणीला लिडियाही बसली. चाक माझ्या हातात. भर पाण्यात, खाली जुनं गाव बुडालंय तिथं, मी इंजिन बंद करायला गेलो. तापलेलं इंजिन पुन्हा चटकन उठतं का, हे बघितल्याशिवाय जुनी बोट घेऊ नये. नवलसिंगनं माझा हात धरला. इथं नको, म्हणाला, इथं कुणी बोट थांबवत नाही. मी मनात म्हटलं, स्टार्टरमध्ये खोट आहे बेट्याच्या. मुद्दाम तिथंच बंद केलं. मागची बाजू जराशी दबली, कुणी चढल्यासारखी. लाट असेल. इंजिन पहिल्या झटक्यात उठलं.

काठाला आणखी गंमत. आम्ही उतरलो तरी नवलसिंग रिकाम्या बोटीकडे तोंड करून उभा. इथली पद्धत आहे म्हणे. दोर बांधण्याआधी बोटीला हाक द्यायची, 'उतरा बरं, काठ उना,' म्हणजे काठ आला. मग जे कोणी बसलं असेल ते उतरून जातं. तो तोंड उघडणार इतक्यात मीच म्हणालो, "बसा बसा, उतरू नका. अजून पुष्कळ बोटी बघायच्यात आपल्याला." लिडिया पोट धरून हसली. नवलसिंगचं तोंड उतरलं. मला वाटलं, गिऱ्हाईक चाललं म्हणून.

१४ नोव्हेंबर

सलाउद्दीन जुनी यंत्रं विकतो. त्याची बोट हायवेलगतच्या आवारात विटांवर चढवून ठेवलीय, कित्येक महिने पाण्यात गेलेली नाही. लाकूड ठणठणीत कोरडं. मागचं बाकडं मात्र ओलं होतं, एक माणूस बसेल तेवढ्या जागेत. छप्पर गळतं म्हणून मी लगेच भाव पाडायला घेतला. तो बिचारा वर बघतच राहिला. छप्पर नवं होतं आणि पाऊस कधीचा संपलाय.

चहा आला तो त्याच्यासाठी एक आणि आमच्यासाठी तीन कप. तिसऱ्या बाई कुठं गेल्या, असं त्यानं विचारलं. लिडियाला हसू आवरेना. मीही हसलो, जरा उशिरानं.

१७ नोव्हेंबर

आणखी दोन बोटी पाहिल्या, दोन वेगळ्या गावांत. दोन्हींची मागची बाकडी ओली, तेवढ्याच जागेत. परत येताना नवापूरजवळ पोलिसानं मोटारसायकल अडवली. ट्रिपल सीट, म्हणाला. मग नीट बघितलं, टोपी काढून डोकं पुसलं आणि जा म्हणाला. दंडही घेतला नाही. पोलिसानं दंड सोडावा, याचीच मला जास्त भीती वाटली.

लिडिया सीटवर पार माझ्या पाठीला चिकटून बसली होती. मी म्हटलं, मागं एवढी जागा आहे. ती म्हणाली, कुठाय?

१९ नोव्हेंबर

लिडियाच्या लुगड्याची डावी बाजू ओली असते. वाळत घालते, नेसली की पुन्हा ओली. जेवताना ती उजवीकडे सरकून बसते. का, विचारलं तर म्हणाली, सवय.

आज एकही बोट पाहायला गेलो नाही.

२१ नोव्हेंबर

भाकरी थापताना लिडिया सहज बोलत होती. विहिरीशेजारी चिंच आहे, चिंचेच्या पलीकडं आपलं घर, उंबरा जरा उंच आहे, जपून या. कुठल्या विहिरीशेजारी, मी विचारलं. ती माझ्याकडं बघून गोड हसली. हिचा जन्म सुरतेचा. इकडं आम्ही या महिन्यात आलो.

मला भीती वाटते. इथं लिहायला लाज कसली.

२२ नोव्हेंबर

सलाउद्दीनचा फोन. न मागता भाव निम्म्यावर आणला. मग म्हणाला, फुकट न्या, माणूस पाठवून नेऊन टाका, पण तुम्ही तिघं पुन्हा आवारात येऊ नका. त्याच्या कोरड्या बोटीतून पाणी ठिबकतंय.

लिडिया दारात बसलेली. तिच्या शेजारच्या फरशीवर ओल. मी तिथं जाऊन बसायचं ठरवलं. बसवेना — गार, आणि जागा नाही.

२३ नोव्हेंबर

नवलसिंगकडे गेलो, पाया पडलो. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"बस असं तूच सांगं ना त्याले? आते उतर बी तूच सांग. जठे चढनं, तठेच ते उतरी."

जिथं चढलं तिथंच उतरेल, बोट घेऊन त्या बुडालेल्या गावावर जा म्हणाला, पैसे नकोत. स्वतः येणार नाही. ते आता लिडियाला धरून बसलंय, म्हणून तिला न्यावंच लागेल. इंजिन बंद करायचं, हाक द्यायची, मागचं बाकडं सुकलं की वळून यायचं. आणखी एक गोष्ट त्यानं दोनदा सांगितली. तिथं असेपर्यंत 'बस' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. कुणालाही नाही. एकदा चुकून बसवलं तर ते सोडतं. दुसऱ्यांदा बसवलं तर कधीच नाही.

२४ नोव्हेंबर, सकाळ

लिडिया माझ्याआधी तयार. लग्नातलं लुगडं नेसलीय. केस ओले. नळाला पाणी आलेलंच नाही.

देवा, हिला घेऊन परत येऊ दे. बोट नको, काही नको.

२४ नोव्हेंबर, पाण्यावर

जागा आली. ऊन चांगलं आहे. इंजिन बंद केलं. लिडिया मागच्या बाकड्यावर, उजव्या कडेला. डावी कडा ओली.

वही तिनंच काढायला लावली. लिहा म्हणाली, उतरलो म्हणून.

हाक दिली. उतरा बरं, काठ उना — काठ कुठला, चहूकडं पाणी.

काही नाही.

पुन्हा दिली. मोठ्यानं.

मागची बाजू हलकी झाली. बोट वर आली. डावी कडा — सुकतेय — डोळ्यांदेखत सुकतेय — देवा तुझे उपकार —

लिडियानं चपला काढल्या. शेजारी शेजारी, उंबऱ्याशी ठेवतात तशा.

"अहो, तुम्हीच म्हणालात ना उतरा?"

उभी राहिली. एक पाय बोटीच्या काठावर. एका हातानं मनगट धरलंय मी — गार — ओलं — निसटतंय — पलीकडून कुणीतरी —

तिला थांब म्हटलं. ऐकत नाही. नको म्हटलं. ऐकत नाही. तिला फक्त एकच शब्द थांबवील —

डावी कडा अजून पुरती सुकली नाही. तेही ऐकेल. दोघी ऐकतील. कायमची —

लिडिया

लिडिया, ब