दुकानात कोणी कुणाचं नाही

आधी एवढं सांग, माझ्या मुलाला "हो, दे पाठवून तिला" म्हणताना तुझी जीभ जागेवर होती, की कवळीबरोबर तीही डबीत काढून ठेवली होतीस? मला विचारायचं तरी! मी काय शेजारी गावाला जाताना ठेवून जातात तसली कुंडी आहे, की "ठेव बाई, घालीन पाणी" म्हणून तू मोकळी झालीस? त्याने फोन केला, तू हो म्हणालीस, आणि मला कळलं कधी, तर सुनेने भर उन्हाळ्यात माझे लोकरीचे कपडे वाळत टाकले तेव्हा. म्हटलं, हे कशाला? तर म्हणे, "मावशींकडे थंडी फार असते ना." म्हणजे थंडीपर्यंतची सोय झाली माझी. बहीण म्हणून एवढं तरी विचारायचंस की बाबा, परत कधी नेणार.

असो. आता रीत म्हणून. चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. तुझं पित्त कसं आहे? यजमानांचा एकच कान गेलाय की दोन्ही? (दोन्ही गेले असतील तर सुटले म्हणायचे, तुझ्या बोलण्यापासून.) मी बरी आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. कागदाला नावं ठेवू नकोस. दुकानाच्या जाहिरातीची कोरी बाजू आहे. पलीकडे साबणाचं चित्र आहे, त्याचा पत्राशी संबंध नाही. फोनच का नाही केला म्हणशील, तर फोन सुनेचा आणि घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या. चौथीनंतर मास्तरांनी मला घरीच बसवलं, तेव्हा अक्षर लागेल तसं लावून घे.

तुझ्या भाच्याचं काय झालंय ते त्याने फोनवर अर्धंच सांगितलं असेल. तो गाद्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर असतो हे तुला ठाऊक आहे. आता लोकांना झोपच लागेनाशी झाली की काय कोण जाणे, गाद्या कुणी घेत नाही, आणि कारखान्याने सगळ्यांचं काम निम्म्यावर आणलंय. उरलेले दिवस तो घरात बसून खिडकीच्या कड्या घट्ट करतो. (एक खिडकी आता उघडतच नाही.) सून कपडे धुण्याच्या दुकानात गल्ल्यावर असते, तिच्या पगारात घराचं भाडं जातं. मग राहिलं ते किराण्यातून वाचवायचं, आणि ते तिने असं काही मनावर घेतलंय की देवाने मला आधी उचललं असतं तर त्याचं काय बिघडलं असतं.

काटकसर करू नये असं मी म्हणत नाही. मी जन्मभर केली. पण मी केली ती जेवणाऱ्याला कळली नाही. हिची ताटातून उठून बोलते. चहाची पत्ती दोनदा उकळायची. दुसरा चहा म्हणजे गरम पाण्याला लांबून चहा दाखवल्यासारखा. दात घासायच्या पेस्टची नळी कात्रीने उभी चिरायची आणि आतून खरवडायची. साबणाच्या चिपट्या एकमेकींना चिकटवायच्या, त्यामुळे आमचा साबण अंगाला लावताना कधी गुलाबाचा वास येतो, कधी भांड्यांचा. फ्रिजचं दार उघडायच्या आधी काय काढायचं ते मोठ्याने बोलायचं, मग उघडायचं. भाजी बाजार उठता उठता आणायची. परवाचा फुलकोबी असा होता की मी त्याला बसायला जागा दिली असती. आणि सगळ्यात मोठा नियम, उपाशीपोटी दुकानात जायचं नाही, भुकेल्याचा हात सुटतो. म्हणून दुकानात जायच्या दिवशी सकाळी सकाळी प्रत्येकाला कोरडा भात खायला घालतात, औषध पाजल्यासारखा. मी एकदा म्हटलं, अगं, दात कोरून पोट भरत नाही. तर म्हणते कशी, "दातकोरणी पण महागलीत, आई."

(बाई वाईट नाही. तेलाची बाटली उलटी टांगून शेवटच्या थेंबाची वाट बघत ती ओट्याशी उभी असते ना, तेव्हा मी तिच्याशी भांडत नाही. पाठमोऱ्या माणसाशी भांडायला मजा येत नाही.)

पण कातरायला काही उरलं नाही की माणसं तोंडं मोजायला लागतात. घरात तोंडं चार. मुलगा कमावतो, सून कमावते, नात शाळेत जाते (तिला आम्ही मुंगी म्हणतो, साखरेच्या डब्याशी सापडते म्हणून). उरलं कोण? तिथून तुला फोन गेला.

आणि आता गंमत ऐक. गंमत म्हणजे मला रडू यायचं ते आलं नाही, एवढंच. ज्या म्हातारीला पाठवायला निघालेत, तिच्याच जिवावर घराचा किराणा चाललाय! आमच्या इथे ते काचेचं मोठं दुकान आहे, दार आपोआप उघडणारं. आठवड्यातून एक दिवस तिथे म्हाताऱ्यांचा असतो. पांढरे केस दाखवा, वेगळ्या रांगेत उभे राहा, घ्याल त्या वस्तूवर सूट. म्हणून घरातलं सगळं सामान त्या दिवशी माझ्याच टोपलीत. त्याच दिवशी तेल आणि साखर निम्म्याने स्वस्त, पण त्याला अट आहे, एका घराला एकच. मग सुनेने युक्ती काढली. घरातून एकत्र निघायचं, वळणावर फुटायचं, आणि काचेच्या दारातून आत गेलं की कोणी कुणाचं नाही. मुलगा वेगळा, मी वेगळी, सून आणि मुंगी वेगळी. तीन घरांचं तेल, तीन घरांची साखर. दुकानात माझ्या मुलाने मला "जरा सरकता का, आजी" म्हटलंय. मुंगी बापाला काका म्हणते, आणि इतकं गोड म्हणते की घरी आल्यावरही चुकून तेच येतं. मॅनेजर तापट आहे. मागे एक नवरा-बायको दोन रांगांत उभे होते आणि नवऱ्याने सवयीने ओरडून विचारलं, "अगं, किल्ली तुझ्याकडे आहे ना?" झालं. एकाचं तेल गेलं फळीवर परत.

तर गेल्या खेपेला मी साखरेच्या फळीपाशी पडले. फरशी नुकती पुसलेली, आणि माझ्या चपलेचा तळ तुझ्या भाच्याने तारेने शिवलेला. पाय असा गेला की मी टोपलीसकट बसले ती खालीच. डाळ एकीकडे, बटाटे एकीकडे, मी एकीकडे. मान वर करून बघते तर समोरच्या रांगेत माझा मुलगा, तेलाची बाटली छातीशी धरून. त्याने पाऊल उचललं, हे मी पाहिलं. मग बाटलीकडे पाहिलं, मॅनेजरकडे पाहिलं, आणि पाऊल होतं तिथे ठेवलं. शेजारच्या रांगेत सून पांढरी पडली होती, पण साखर तिनेही सोडली नव्हती. मी मनात म्हटलं, शाबास! पोरं तयार झाली.

माणसं गोळा झाली. मॅनेजर धावत आला, मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "आजी, तुमच्याबरोबर कोण आहे?" आता तू असतीस तर मुलाच्या नावाने गळा काढला असतास. मी म्हटलं, "कोणी नाही." हाडं आपली, दुखली तर दुखली, त्यापायी तेल कशाला घालवायचं? पण तो गप्प बसेना. घरी कोण आहे, या वयात एकट्या कशा येता? मग मात्र, धाकटे, माझा तोल सुटला. (आधी पायाचा, मग तोंडाचा.) म्हटलं, आहे ना, मुलगा आहे एक. काम निम्म्यावर आलंय बिचाऱ्याचं, म्हणून मला बहिणीकडे पाठवतोय, एक तोंड कमी करायला. लोकरीचे कपडे वाळतायत माझे. हे मी मॅनेजरला सांगत होते आणि बघत होते तेलाच्या बाटलीकडे.

मग काय विचारतेस, सगळी रांग पेटली. अंड्यांचा ट्रे घेतलेली एक जाडी बाई होती, ती म्हणाली, "असल्या मुलाला या दुकानातून तेलाचा थेंब मिळता कामा नये!" माझा मुलगा बाटलीच्या मागे लपायला बघत होता. पण ती बाटली ती केवढी, आणि तो केवढा. मॅनेजर नेमका त्याच्याकडे वळला. "अहो, तुम्ही कुठल्या बाजूला जाता? या आजींना सोडाल का घरी?" तर हा शहाणा म्हणतो, "हो, मी त्याच बाजूला जातो." मॅनेजर म्हणाला, "कुठली बाजू ते अजून त्यांनी सांगितलंच नाही!" कर्म माझं! यालाच मी पोटात वाढवला. शेवटी मीच सावरलं, "मघाशी पडता पडता सांगितलं मी, यांनी ऐकलं असेल."

अंडीवाली काही त्याला सोडेना. "तुम्हाला आई आहे का हो?" म्हणाली. तो म्हणाला, आहे. "तिला असं पाठवाल का?" सगळी रांग त्याच्याकडे बघायला लागली. गल्ल्यावरची पोरगी हिशेब करायची थांबली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "नाही." एवढ्यात शेजारच्या रांगेतून मुंगीचा आवाज आला, खणखणीत, "काका, माझे बाबा तर पाठवणार आहेत माझ्या आजीला!" सुनेने तिचं तोंड दाबलं, पण शब्द बाहेर पडले ते पडलेच. मी डोळे मिटले. म्हटलं, गेलं तिन्ही घरांचं तेल. तर मॅनेजरने मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "घरोघरी हेच चाललंय बघा." अंडीवालीने मुंगीच्या हातात एक गोड गोळी दिली आणि सुनेला म्हणाली, "नवऱ्याला समजवा हो." सून म्हणाली, "समजावते." दोघींचे डोळे भरले होते. साखर पिशवीत गेली.

वाटेत मुलगा माझी पिशवी घेऊन चार पावलं पुढे, मी मागे लंगडत. वळण आल्यावर थांबला आणि म्हणाला, "आई, लागलं का गं फार?" मी म्हटलं, "आपण कोण?" जिन्याशी आल्यावर पुन्हा म्हणाला, "आई, बोल ना." मी म्हटलं, अनोळखी माणसाला मी दुखणी सांगत नाही. मग दाराच्या कुलुपाशी खुडबुड करत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "राहू दे ते मावशीकडचं. तू गेलीस तर सूट कोण देणार आम्हाला?" सुनेने त्याच संध्याकाळी लोकरीचे कपडे आत घेतले. तर असं आहे. सूट मिळते म्हणून का होईना, मी इथे राहिले. लाडाने ठेवलं असतं तर भरवसा धरला नसता. लाड आज आहेत, उद्या नाहीत. सूट दर आठवड्याला असते. तेव्हा तू गादी-उशी काढली असशील तर परत ठेव.

तुझ्या घरात नमस्कार करावा असं थोर कोणी उरलं नाही, तेवढे नमस्कार वाचले. लहानांना आशीर्वाद, त्याला खर्च नाही.

तुझी थोरली

ता. क. वरचं लिहून झालं आणि मध्ये दुकानाचा दिवस येऊन गेला. आमच्या म्हाताऱ्यांच्या रांगेत गल्ल्यावर एक कागद चिकटवलाय. अक्षर अक्षर लावून वाचला. पुढच्या महिन्यापासून म्हाताऱ्यांचा दिवस बंद. गल्ल्यावरच्या पोरीला विचारलं, तर म्हणाली, "परवडत नाही म्हणतात, आजी." आमच्या रांगेत बाकी कुणी येत नाही, म्हणून घरी अजून कुणाला कळलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही. मला तो वाचताना मुंगीने लांबून पाहिलं होतं, तिने घरी विचारलं, कसला कागद? म्हटलं, साबणाचा.

आणखी ता. क. म्हणून हे पत्र टाकते आहे, नाहीतर तिकीट कशाला वाया घालवलं असतं? महिना संपला की तो तुला पुन्हा फोन करणार. तेव्हा तू "हो" म्हणायचं नाहीस. तुझ्याकडे वाईट काही नाही गं. पण तुझ्याकडे मी पाहुणी. पाहुणीला वाढताना कोणी हात आखडत नाही आणि भांडायला कोणी येत नाही, मग माणसाने दिवसभर करायचं काय? इथे निदान ती तेलाची बाटली उलटी धरते, आणि मी तिला सांगते की थेंब अजून आहे.

शेवटचं. तुझ्याच्याने "नाही" म्हणवणार नाही, हे मला ठाऊक आहे. तू "अडचण आहे, पण जमवून घेऊ" असं म्हणशील आणि माझा घात करशील. यजमान तर प्रश्न ऐकायच्या आधीच मान डोलावतील. तेव्हा त्याचा फोन यायच्या आधीच माझ्या मुलाला पत्र जाऊ दे, आणि ते तुझ्या सुनेने लिहायचं. मी येणार हे कळल्यावर ती स्वयंपाकघरात जे काय बोलली असेल तेच लिही म्हणावं, एक शब्द गाळू नको. आजच बसव तिला.