दुसऱ्या बाजूचा गायक

रविवार, ५ सप्टेंबर १९९९. सकाळी ७.
आजपासून नियम. रोज एक गाणं.
पुष्करची कॅसेट त्याच्या कपाटात सापडली. वर त्याच्याच अक्षरात 'नॉर्वे, ब्लॅक मेटल'. जूनमध्ये त्याच्या मित्रांसमोर मी हीच बंद केली होती आणि म्हटलं होतं की हे गाणं नाही, ओकारी आहे. चार दिवसांनी पोरगा पुण्याला गेला. त्याचा माझ्या बोलण्याशी काही संबंध नाही. पुण्यात कंप्यूटरला स्कोप आहे. पण तीन महिने झाले, मला पत्र नाही. तेव्हा ठरवलं, पूर्ण ऐकून एक व्यवस्थित अभिप्राय पाठवायचा. पंचवीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतोय, कान तयार आहे. दिवाळीला येईल तेव्हा बाप-लेकाला बोलायला विषय होईल.

सोमवार, ६ सप्टेंबर.
ऐकणं झालं नाही. मिलच्या गेटवर मीटिंग होती. मिल बंद होऊन दोन वर्षं झाली, तरी माझ्यासारख्या टाइमकीपरने टाइमावर हजर राहिलं पाहिजे. आतून मशिनी ट्रकमध्ये चढवत होते. सर्व्हिसिंगला नेत असणार. रामभाऊ म्हणाले, अहो भिया, आता काही राहिलं नाही, घरी चला. ते वीव्हिंग खात्यात होते तेव्हापासून असेच निराशावादी.

बुधवार, ८ सप्टेंबर.
पहिलं गाणं. दीड मिनिट ऐकलं. गायकाने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात. उषा स्वयंपाकघरातून आली आणि विचारलं, मांजर कुठे अडकलंय का. मी सांगितलं, हे नॉर्वेचं आहे. म्हणाली, तिथेही मांजरं असतील. बायकोला संगीतात गती नाही.

शनिवार, ११ सप्टेंबर.
तेच गाणं चार वेळा. आवाजाकडे लक्षच दिलं नाही, फक्त गिटार ऐकली. दोन आहेत. एक धावते, दुसरी वरून सावकाश सूर ओढत नेते. तो सूर पेटीवर काढला. ऋषभ, गांधार, धैवत, निषाद सगळे कोमल. म्हणजे भैरवीच्या घराजवळचंच काही. गोड आहे. हे जूनमध्ये ऐकूच आलं नव्हतं. टेपचं हेड खराब असणार.

गुरुवार, २३ सप्टेंबर.
गणपतीमुळे खंड. नियम उद्यापासून कडक.
पण आज तिसऱ्या गाण्यात एक गोष्ट कळली. हा माणूस सुरात गात नाही, कारण सूर त्याने गिटारला देऊन टाकलाय. स्वतःकडे फक्त घसा ठेवलाय. मागे एवढी सुंदर चाल आणि पुढे हा, सगळं जळून गेल्यासारखा. शब्द एक कळत नाही, तरी तालावर मात्र बरोब्बर उतरतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांची तपासणी राहिलीच आहे.

शनिवार, २ ऑक्टोबर.
कॅसेटची दुसरी बाजू लावली. दोनच गाणी. रेकॉर्डिंग अगदी रद्दी, नॉर्वेतही लाइट जात असेल. आणि गायक दुसराच. हा कच्चा आहे. त्या पहिल्याची नक्कल करतो, दम पुरत नाही, शेवटी खोकतो.
दुपारी पत्र लिहिलं. आठ पानं. मोकळ्या मनाने कबूल केलं की पहिल्या बाजूचा गायक मोठा आहे, भैरवीचं सगळं समजावून लिहिलं. अभिप्राय एकांगी नको म्हणून दुसऱ्या गायकाबद्दलही स्पष्ट लिहिलं, की याला दुःख माहीत नाही, उसनं ओरडतो, अशाला कोणी तरी वेळेवर सांगायला पाहिजे की दुसरं काम बघ. राजवाड्याच्या पोस्टाबाहेरच्या डब्यात स्वतः जाऊन टाकलं. पोरगा खूश होईल.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर.
उत्तर नाही. पोस्टाचे हाल आहेत. आठ पानं वाचायला वेळ लागतो, शिवाय नोकरी.
उषाला म्हटलं, दिवाळीला त्याची खोली झाडून ठेव. तिने कणीक मळायला घेतली.

रविवार, २४ ऑक्टोबर.
अन्नपूर्णेच्या दर्शनाला गेलो, तिथे पुष्करचा मित्र निशांत भेटला. देवळासमोर थांबवून त्याला पहिल्या बाजूबद्दल सांगितलं. तो बघतच राहिला. म्हणाला, काकाजी, तुम्ही सच में ऐकलं? मग मी दुसऱ्या बाजूवर आलो. तो म्हणाला की ती बाजू नॉर्वेची नाही. ती या पोरांनीच मे महिन्यात निशांतच्या खोलीत भरली होती, खिडक्यांना गाद्या लावून. आवाज पुष्करचा आहे. दोन्ही गाणी मिल बंद झाली त्यावर आहेत. जूनमध्ये तो मला तीच ऐकवणार होता, पहिली बाजू संपल्यावर.
घरापर्यंत पायी आलो. ऑटो मिळाली नाही.

सोमवार, २५ ऑक्टोबर.
दुसरी बाजू सहा वेळा. एका ठिकाणी 'टाइमकीपर' ऐकू येतं. बाकी शब्द समजत नाहीत.
दुसरं पत्र टाकलं. एक ओळ. माझी चूक झाली, तुझा बाबा.

शनिवार, ३० ऑक्टोबर.
एसटीडी बूथवरून त्याच्या खोलीमालकांना फोन लावला. मालकीणबाई बोलवायला गेल्या. परत येऊन म्हणाल्या, अंघोळीला गेलाय. वीस मिनिटांनी पुन्हा लावला. तेव्हाही अंघोळीलाच. पुण्यात पाण्याची चैन आहे.

रविवार, ७ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन.
पुण्याच्या सकाळच्या आणि दुपारच्या बशीला स्टँडवर जाऊन आलो. बशी लेट चालतात, पण आल्या.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर.
पत्र आलं. उषाच्या नावाने. तिने मोठ्याने वाचलं. तब्येत चांगली आहे. नोकरी पक्की झाली. सुट्टी नाही. बाबांची दोन्ही पत्रं मिळाली, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. त्यांचं पहिलं पत्र बरोबर होतं. गाणं सोडलं आहे, कॅसेट पुसून त्यावर भजनं भरली तरी चालतील.
उषाने घडी घातली आणि म्हणाली, तुम्हाला हेच पाहिजे होतं ना.
मी हो म्हटलं.
मग ती आत गेली. एकदा वाटलं आपणही पुष्करसारखं ओरडून बघावं. तोंड उघडलं. आवाज निघाला नाही.