बदली सरांची हजेरी

ट्रेव्हर,

'प्रिय' लिहायचं आज मन होत नाही.

कम्युनिटी कॉलेजात प्रीकॅल्क्युलस घ्यायचं माझ्या डोक्यात तूच भरवलंस. "आई, एक्स-रे टेक्निशियन व्हायचंय ना तुला? मग गणित लागणारच. चल, दोघं एकाच वर्गात बसू." मी दिवसभर स्कूलबस चालवते, ती डेपोत लावून माझ्या गाडीने थेट वर्गात येते, अंगात ड्रायव्हरचं तेच पिवळं जाकीट. साइन-कोसाइनचं वर्तुळ आपण फ्रिजवर चिकटवलं. फ्रिजमधून दूध काढता काढता मी ते पाठ केलं आणि जेवताना तुला समजावलं.

आज बदली सर आले. हजेरी घेताना म्हणाले, "वॉयचिक आडनावाचे दोघं? नात्यातले का?" मी हसून तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारच्या मुलीकडे बघत तू म्हणालास, "असतील कुणीतरी लांबच्या."

मी वहीत डोकं खुपसलं. पुढे सरांनी काय शिकवलं, देव जाणे.

वर्ग सुटल्यावर मात्र तू माझ्याच गाडीपाशी उभा! लांबच्या बाईच्या गाडीत बसायला लाज नाही वाटली? तरी मी दार उघडलं. सिग्नलला तू विचारलंस, "आई, जेवायला काय आहे?" गाडीत तिसरं कुणी नव्हतं, म्हणून 'आई'.

हे पत्र तुला देणार नाही. दिलं तर तू सॉरी म्हणशील आणि मी लगेच विरघळेन.

वर्ग मी सोडणार नाही. जाकीटही काढणार नाही. गुरुवारी तुझ्या पुढच्याच बाकावर बसेन.

तुझी,
लांबची कुणीतरी