वेशीवर अडलेली गाडी

भरे, ता. मुळशी
दि. २२ एप्रिल २०२५

चि. सौ. स्नेहल हिस आबांचे आशीर्वाद.

येथे सर्व खुशाल. तुझ्या प्रकृतीचे वर्तमान तुझ्या आईकडून कळते. मला स्वतंत्रपणे कोणी कळवीत नाही, असो. कपिला व्यायली, कालवड झाली.

यंदा यात्रेत मंडळाने ते जुने विनोदी नाटक पुन्हा बसविले. माझ्या मते ते टाकाऊ आहे. त्यात एकही पात्र सज्जन नाही. सासरा बढाईखोर, बाप हेकट, जावई मुखदुर्बळ. मुलगी बाळंतपणाला माहेरी निघते. सासरा वेशीच्या आत येत नाही, बाप वेशीबाहेर पाऊल टाकीत नाही, आणि मध्ये बैलगाडीत ती कळा देते. लोक हसून लोळले. तरुणपणी मीही हसलो होतो.

बापाचे काम राजूने केले. माझा कोट, माझी काठी, माझे खाकरणे. मागचे लोक माना उंचावून माझ्याकडे पाहत होते. घरी जाब विचारला, तर तुझा भाऊ म्हणतो, "आबा, नाटक हाय त्ये! मनाला कशापायी लावून घेताय?"

तुझी आई म्हणाली, "कोट तुमचा व्हता, मिजास बी तुमचीच. ती काय त्येला शिकवावी लागली न्हाई."

माझी बाजू तुला ठाऊक असावी. तुझे सासरे विलासराव यांनी डोहाळजेवणाचे बोलावणे मोबाईलवर पाठविले. उंबऱ्यावर येऊन अक्षता दिल्या नाहीत. म्हणून मीही तुला आणण्यास राजूला मुराळी म्हणून धाडले नाही. रीत त्यांनी आधी मोडली.

नाटकापासून अन्न गोड लागत नाही. हिंजवडीच्या चौकात गाड्या तासन् तास अडतात, असे राजूच सांगतो. तुझी गाडी अडली तर? दवाखाना किती लांब आहे? तुझे पाय सुजतात, हे खरे काय? राजूने नाटकाचे चित्रण तुला पाठविले आहे. पाहून हसली असशील, तर हरकत नाही. न हसता पाहिले असशील, तर मात्र मला कळव.

भाडेकरूंची खालची खोली या महिन्यात कोणास दिली नाही. रंग दिला आहे. विशेष कारण नाही.

मुराळी भावाने व्हावे, बापाने जाऊ नये, अशी आपल्याकडे रीत आहे. तरी गुरुवारी राजूच्या गाडीत पुढे बसून मीच येत आहे. विलासरावांचे बोलावणे नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांना चहा ठेवण्यास सांग.

तुझा मुराळी,
आबा