पंचमीला सारवलेली भिंत

आत्या, आज तुमच्या नातवानं गवंडी आणला होता. गोठ्याच्या मागची मातीची भिंत प्लास्टर करायची म्हणून. त्यानं सिमेंट कालवायला घेतलं तशी मी बारदान टाकलं आणि भिंतीला पाठ लावून बसले. म्हटलं, करा आता प्लास्टर! गवंडी बिचारा तासभर तंबाखू मळत थांबला आणि गेला. पोरगा चिडलाय. "आई, माशांच्या चार भोकांसाठी एवढं? पेट्या आणू की मधमाशांच्या!" आणतोच तो, डाळिंबाचा बहार धरला की. पण ढगाळ दिवशी पेटीतली माशी दारातच घुटमळते, आणि आपली भिंतीतली निळ्या पट्ट्यांची तेवढ्यात चार झाडं फिरून येते. भिंत बुजवलीस तर फुलं नुसती गळतील, असं मी त्याला सांगितलं. ते खोटं नाही. पण सगळं खरंही नाही, म्हणून तुम्ही आता नसलात तरी तुम्हालाच लिहायला बसले.

मी मिरजेकडची, उसातली. म्हसवडच्या माळावर तुमच्या घरी सून म्हणून दिली, त्यानंतरची पहिली नागपंचमी. गल्लीतल्या नव्या सुना माहेरी गेल्या आणि तुम्ही म्हणालात, "बहार फुलावर हाय, हात कमी हायती. दिवाळीला जा." मी चुलीपुढं धुराचं निमित्त करून रडले. तुम्ही मात्र रोज सकाळी कपबशी घेऊन त्या भिंतीपुढं उभ्या. भोकातनं एकेक माशी निघतेय आणि तुम्ही लेकीला शाळेत धाडावं तसं बघताय. "जा बायांनो, डाळिंबं वाट बघत्यात." मला वाटायचं, ह्यांना भिंतीतल्या माशा दिसतात, घरात आणलेली पोर दिसत नाही. लय राग यायचा तुमचा.

पंचमीच्या सकाळी मी शेण-माती कालवून ती भिंत सारवून काढली. एक भोक ठेवलं नाही. भिंतीवर नागोबा काढायला जागा केली, असं मी म्हणाले. उन्हं तापली तशा माशा परतायला लागल्या, पायांना पिवळी धूळ माखलेली. दार सापडेना. ओल्या भिंतीपुढं घोंघावतायत, बसतायत, उठतायत. तुम्ही दिंडं करता करता तशाच पुरणाच्या हातानं आलात. अंबाड्यातला आकडा काढलात आणि माशी जिथं घुटमळेल तिथं भिंत उकरायला लागलात. त्या दिवशी विळीला हात लावू न देणाऱ्या तुम्ही! वारुळाला निघालेल्या बायका दारात थबकल्या.

"आवं, पंचमीला उकरायचं नसतंय!"

"नागोबाला कळतंय," तुम्ही म्हणालात.

एकीनं माझ्याकडं बघून नाक मुरडलं. "सून लय शहाणी दिसतीया."

तेव्हा तुम्ही वळलात. "तिला काय बोलायचं न्हाई. ती नवी हाय. म्याच सांगायची इसरले." मग दुसरा आकडा माझ्या हातात दिलात. "खालची तू उघड. मला वाकवत न्हाई."

दिवस कलेपर्यंत दोघी उकरत होतो. दोन-तीन आत मेलेल्या निघाल्या. तुम्ही त्या तळहातावर घेऊन बघत राहिलात, आणि मी तोंड फिरवलं. रात्री तुम्ही माझ्या ताटात एक दिंड जास्त वाढलंत, वर तुपाची धार. तो घास अजून आठवतो, आत्या.

तो आकडा आहे माझ्याकडं. केस विरळ झालेत, अंबाड्यात ठरत नाही, तरी खोवते. पोरगा आत्ताच विचारून गेला, काय लिहितेस म्हणून. किराणाची यादी, म्हटलं. कागद घडी घालून डाळीच्या डब्याखाली ठेवीन. गवंडी उद्या परत आला तर मीही परत बसेन. का बसते ते पोराला सांगायचं धाडस नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्ही सांगायचं काही विसरला नव्हतात. माझ्या हातची हळदही उतरली नव्हती तेव्हाच तुम्ही मला त्या भिंतीपुढं नेलं होतंत. "हिला सारवायचं न्हाई बरं का पोरी, हितं लेकुरवाळ्या ऱ्हात्यात." मी मान डोलावली होती. सगळं ठाऊक असून मी ती मुद्दाम सारवली.